हवेतली वहिवाट

स्वारगेटला गेट नाही. पूर्वी केव्हातरी येथे नाके होते, त्या नाक्यावर घोडेस्वार शिपाई पहारा देत आणि त्या स्वारांवरूनच हे नाव पडले, असे सांगतात. परंतु स्वार गेले, गेट गेले आणि उरला तो केवळ एक चौक, ज्यात चारही दिशांकडून येणारी वाहने कोणाची परवानगी न घेता घुसतात, ज्याच्या डोक्यावरून उड्डाणपूल जातो आणि ज्याच्या पायाखालून सप्टेंबर २०२४ पासून मेट्रोही येऊ लागली आहे. अशा ह्या बेवारशी नाक्यावर, एस.टी. स्थानकामागच्या एका गल्लीत, दीड हात जाडीच्या भिंतींच्या जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर मी राहतो. मी जन्मांध आहे. हे वाक्य आरंभीच उरकून टाकण्याचे कारण इतकेच, की पुढे ज्या आपत्ती वर्णावयाच्या आहेत त्यांपैकी निम्म्यांशी माझ्या अंधत्वाचा काही संबंध नाही. त्या डोळस मंडळींच्या कर्तृत्वाने घडलेल्या आहेत.

आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे गृहस्थ सरकारी मोजणी खात्यातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले त्याला अठरा वर्षे लोटली. परंतु खाते मात्र त्यांच्यातून अद्याप निवृत्त झालेले नाही. दारावर पडणाऱ्या त्यांच्या थापांवरूनच प्रकरणाचे स्वरूप मला कळते: एक थाप म्हणजे वर्तमानपत्र, दोन म्हणजे नळाचे पाणी आणि तीन म्हणजे तक्रार. एका रविवारी पहाटे साडेसहाला तीन थापा पडल्या.

"तुमचं इंटरनेट कालपासून फार रखडतंय," शिरस्तेदार म्हणाले. "जरा लक्ष घाला."

"माझं इंटरनेट रखडतंय हे तुम्हाला कसं कळलं?"

"वापरतो ना आम्ही! चार वर्षं झाली."

"पण त्याला पासवर्ड आहे."

"आहे की. एक ते आठ आकडे. मी पहिलाच घालून पाहिला, लागला."

चार वर्षांपूर्वी जोडणी करून देणाऱ्या पोराने "लक्षात ठेवायला सोपा ठेवलाय, काका" असे जे मला सांगितले होते, त्यातले 'लक्षात कोणी ठेवायचा' एवढे तेव्हा विचारावयाचे राहून गेले होते. मी काही बोलणार तोच शिरस्तेदारांनी पुढचा मुद्दा मांडला. "हे पाहा, तुमच्या लहरी हवेतून आमच्या स्वयंपाकघरात शिरतात. म्हणजे अतिक्रमण तुमचं आहे. मी अर्ज केलेला नाही, हे माझे उपकार समजा. शिवाय, आता ही आमची वहिवाट झाली."

एका बँकेच्या टेलिफोन बोर्डावर बसून एकतीस वर्षे साऱ्या पुण्याचे फोन जोडून देण्यात ज्याची हयात गेली, कोणता आवाज कोणत्या खात्याकडे वळवावा ह्यात ज्याची एकदाही चूक झाली नाही, त्याच्याच घरातून चार वर्षे एक परकी जोडणी राजरोस चालावी आणि तिची खबर चोराच्याच तक्रारीने लागावी, ही गोष्ट मला जिव्हारी लागली. त्याच दिवशी मी दोन संकल्प सोडले: जुनी जोडणी व तिच्याबरोबर आलेले ते यंत्र काढून टाकावयाचे, आणि स्वतःच्या पसंतीचा नवा राउटर आणून त्याला असे कुलूप घालावयाचे, की शिरस्तेदारांच्या पुढच्या सात पिढ्यांची बोटे झिजावीत.

खरेदीसाठी मी भाच्याला घेऊन बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलो. ह्या गल्लीचे नाव तपकिरीचे असले तरी माल विजेचा, आणि गर्दी अशी की शिंक आली तरी ती द्यावयास जागा नाही.

"यांना कसला पाहिजे?" दुकानदाराने भाच्याला विचारले.

"मलाच पाहिजे," मी म्हणालो, "आणि मला बोलता येतं."

त्यासरशी दुकानदाराने आवाज चढवला. डोळ्यांना दिसत नाही म्हणजे कानांनाही फारसे ऐकू येत नसावे, हा सिद्धान्त आपल्याकडे इतका सर्वमान्य आहे, की त्यापायी मी आजवर अनेक दुकानांतून कानठळ्या बसवून घेऊन बाहेर पडलो आहे. "हा घ्या, काका!" तो ओरडला. "याला सहा दिवे आहेत. निळे! रात्री काय दिसतो!"

"मला दिव्यांचा उपयोग नाही हो."

"बरं, मग हा बघा. याला नऊ आहेत."

मी एकेक यंत्र हातात घेऊन चाचपू लागलो. एक होते ते चारही अँटेना वर करून उताण्या पडलेल्या खेकड्यासारखे. दुसरे साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत, ज्यावर बटणे नावालाही नव्हती. "हे नुसत्या स्पर्शानं चालतं" असे दुकानदार अभिमानाने सांगत असतानाच ते माझ्या स्पर्शाने बंद पडले. ज्याला हात लावल्यावाचून ओळखता येत नाही आणि हात लावताच जे बिघडते, अशा वस्तूशी संसार करण्याचे माझे वय आता राहिलेले नाही. मी माझ्या तीन अटी सांगितल्या. बटणे बोटांना वेगवेगळी लागली पाहिजेत. मांडणी संगणकाच्या ब्राउझरमधून करता आली पाहिजे, केवळ चित्रांनी भरलेल्या मोबाइल ॲपवर सारा कारभार नको. आणि कुलूप नव्या पद्धतीचे हवे. कारण वाय-फायबरोबर १९९७ साली आलेले पहिले कुलूप संशोधकांनी २००१ सालीच फोडून दाखवले, २००४ च्या डब्ल्यूपीए-टूने पुष्कळ वर्षे इमाने इतबारे चाकरी केली आणि २०१८ साली डब्ल्यूपीए-थ्री आले.

"काका," दुकानदार आवाज किंचित खाली आणून म्हणाला, "इतकी वर्षं धंदा करतोय. गिऱ्हाईक दोनच गोष्टी विचारतं: रेंज किती आणि कमी किती करणार?"

अखेर एका यंत्राला मागील बाजूस स्पष्ट उंचवट्याची दोन बटणे सापडली. त्यांतले एक दाबले की पासवर्ड न टाकता फोन आपोआप जोडला जातो, असे कळताच माझे मन क्षणभर डळमळले. टंकलेखनाचा त्रास वाचवणारे हे बटण जणू आम्हां अंधांसाठीच निर्माण झाले होते. परंतु ह्या सोयीचे डब्ल्यूपीएस नावाचे जे भावंडांचे कुटुंब आहे, त्यात एक आठ आकडी पिनही असतो, आणि यंत्र त्या पिनचे दोन तुकडे वेगवेगळे तपासत असल्यामुळे जेथे कोटीच्या घरात प्रयत्न लागावेत तेथे फार तर ११,००० प्रयत्नांत दार उघडते, हे २०११ साली उघडकीस आलेले आहे. शिरस्तेदारांना निवृत्तिवेतन आहे, सकाळ मोकळी आहे आणि चिकाटी सरकारी आहे. ११,००० ही संख्या त्यांना जड नव्हती. घरी जाताच ती सोय बंद करावयाची, असे ठरवून मी पैसे मोजले.

यंत्र झाले, आता नवी जोडणी. कंपनीचा पोरगा मोबाइल घेऊन ओळख पटवावयास आला. आधार झाले, अंगठा झाला, आणि मग तो म्हणाला, "काका, आता डोळे मिचकवा."

"कशासाठी?"

"तुम्ही जिवंत आहात, हे सिद्ध व्हायला पाहिजे."

मी त्या वेळी चहा पीत होतो, हा पुरावा ॲपला ग्राह्य नव्हता. माझ्या पापण्या मिटल्या काय आणि उघडल्या काय, त्यांत त्या यंत्राला फारसा फरक दिसत नसावा. ते अकरा वेळा "कृपया डोळे मिचकवा" असे म्हणाले आणि अकराही वेळा मी त्याच्या दप्तरी मृत ठरलो. मी पोराला सांगितले, की डिजिटल सेवा मिळणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि ओळख पटवण्यासाठी डोळे मिचकावण्यावाचून दुसरा मार्ग उपलब्ध हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निःसंदिग्ध शब्दांत बजावलेले आहे. पोराने निकाल अत्यंत आदराने ऐकून घेतला. परंतु तो ॲपच्या कानावर घालण्याची काही व्यवस्था त्याच्यापाशी नव्हती. शेवटी भाचा पुढे झाला, त्याने माझ्या तोंडावर एक जोरदार फुंकर मारली, पापण्या आपोआप फडफडल्या आणि मी कंपनीच्या दप्तरी सजीव म्हणून दाखल झालो.

नंतर भाचा हिंजवडीला आपल्या नोकरीवर निघून गेला आणि खरा प्रसंग सुरू झाला. ह्या यंत्राला 'बिनतारी' हे विशेषण ज्याने लावले त्याने ते जोडून पाहिलेले नसावे. माझ्या मांडीवर त्या वेळी चार तारा होत्या आणि पाचवी पायात अडकली होती. संगणकावर जे दिसते ते मला वाचून दाखवणारा एनव्हीडीए नावाचा एक कारकून माझ्या पदरी आहे. ऑस्ट्रेलियातील एका अंध तरुणाने २००६ साली लिहावयास घेतलेली ही आज्ञावली फुकट मिळते आणि जे लिहिले असेल ते ती इमानाने वाचते. परंतु ज्याने राउटरचे पान बनवले त्याने बटणांना नावेच दिली नसतील तर बिचारी काय वाचणार? "बटण," ती म्हणाली. "बटण. चित्र. बटण. दुवा. बटण." पंधरा दारांच्या अनोळखी वाड्यात शिरावे आणि प्रत्येक दारावर केवळ 'दार' एवढेच लिहिलेले असावे, तशी माझी अवस्था झाली. मी देवाचे नाव घेऊन सातवे बटण दाबले. क्षणभर शांतता पसरली आणि मग माझा कारकून संथ स्वरात म्हणू लागला, "चिनी अक्षर. चिनी अक्षर. चिनी अक्षर. चिनी अक्षर." मी यंत्राची भाषा बदलून बसलो होतो.

तेथून परतीचा एकच मार्ग होता: यंत्राच्या पाठीवरील सुईच्या अग्राएवढ्या छिद्रात काहीतरी खुपसून दहा सेकंद दाबून धरावे, की ते पूर्वजन्मीचे सारे विसरते. ते छिद्र मी बोटाने शोधले, सौभाग्यवतींच्या पदराची पिन मागून घेतली, आणि शेजारची हवा खेळावयाची छिद्रे एकामागून एक निष्फळपणे भोसकीत अखेर नेमक्या ठिकाणी पोहोचलो. यंत्र पुन्हा मराठी माणसाला समजेल अशा इंग्रजीत बोलू लागले. परंतु इंटरनेट येईना. मी मदतकेंद्राला फोन लावला.

"सर, इंटरनेटचा दिवा कोणत्या रंगाचा आहे?"

"मला दिसत नाही."

"सर, थोडं जवळ जाऊन बघा."

"ताई, मी अंध आहे."

पलीकडे काही वेळ सनई वाजली. मग आवाज परत आला. "सॉरी सर. मग अंदाजे सांगा."

अंदाजाने रंग सांगण्याची विद्या मला अवगत नसल्यामुळे निरुपायाने मी शत्रुपक्षाकडूनच कुमक मागवली. शिरस्तेदार आले, समोरच्या मास्तरीणबाई आल्या आणि जिन्यावरून चाललेला दूधवाला उत्सुकतेपोटी आत आला.

"लाल आहे," शिरस्तेदारांनी निर्णय दिला.

"लाल कुठला? नारिंगी आहे चांगला," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"शेंदरी म्हणा पाहिजे तर," दूधवाल्याने तडजोड सुचवली. परंतु उभय पक्षांना ती मान्य झाली नाही. शिरस्तेदार म्हणाले, रीतसर पंचनामा करू. मास्तरीणबाईंनी रंगपेटी आणावयास मुलाला धाडले. सहा धडधाकट डोळे एका हरभऱ्याएवढ्या दिव्यावर खिळून अर्धा तास लोटला, मदतकेंद्राची बाई फोनवर "सर? सर?" करीत राहिली, आणि दिव्याचा रंग काही केल्या ठरेना. आजवर मला असे वाटत आले होते, की ज्यांना दिसते त्यांना निदान ते काय दिसते एवढे तरी ठाऊक असते.

ह्या वादात मला स्थान नसल्यामुळे मी आपला तारांवरून बोटे फिरवीत बसलो होतो. भिंतीतून आलेली तार यंत्राच्या पाठीत शिरते तेथे ती किंचित डुगडुगत होती. टेलिफोन बोर्डावर एकतीस वर्षे खुंट्या खोचलेल्या बोटांना अशी डुगडूग सहन होत नाही. मी अंगठ्याने दाब दिला. 'टक्' असा बारीक आवाज झाला.

"हिरवा झाला!" मास्तरीणबाई ओरडल्या.

"हिरवा नव्हे," शिरस्तेदार म्हणाले. "पोपटी."

आता कुलपाचे काम. प्रथम मी यंत्राच्या कारभाराचे मूळचे नाव व परवलीचा शब्द, जे दोन्ही 'ॲडमिन' असेच होते, ते बदलले. कारण २०१६ साली 'मिराई' नावाच्या एका उपद्व्यापी आज्ञावलीने अशा कारखान्यातूनच आलेल्या साठेक ठरावीक जोड्या वापरून जगभरचे कॅमेरे व राउटर पळवले होते आणि त्यांच्या फौजेनिशी अमेरिकेतील मोठमोठी संकेतस्थळे काही तास ठप्प केली होती. आपला राउटर उद्या परमुलखात जाऊन मारामाऱ्या करील, हे मला खपण्यासारखे नव्हते. मग ती डब्ल्यूपीएसची सोय बंद केली. मग वाय-फायचा पासवर्ड. तो आठपासून त्रेसष्ट अक्षरांपर्यंत असू शकतो. मी कंजूषपणा केला नाही. खिडकीतून उभा जन्म ऐकलेल्या कोल्हापूर मार्गावरील गावांची नावे मी इंग्रजी अक्षरांत, मध्ये एकही जागा न सोडता, शिरवळपासून खंबाटकी घाट उतरून पुढे गुंफली, त्यांत आकडे पेरले आणि एकच अक्षर मोठे ठेवले. मला स्वतःलाच माझ्या धूर्तपणाचे भय वाटू लागले.

फक्त एक अडचण होती. मी टंकलेले प्रत्येक अक्षर माझा कारकून "तारका, तारका, तारका" असे वाचीत होता. म्हणजे माझे गुपित तो माझ्यापासूनच राखून ठेवीत होता. इतक्या लांबलचक नामावलीत एक अक्षर चुकले तर पुन्हा पदराची पिन आलीच. सबब खात्री करून घेण्यासाठी मी 'पासवर्ड दाखवा' ह्या चौकोनावर खूण केली. एरवी माझा संगणक इतक्या वेगाने बोलतो, की डोळस माणसाला ते मधमाश्यांचे मोहोळ उठल्यासारखे वाटते. परंतु काम नाजूक म्हणून मी त्याचा वेग अगदी बालवाडीतल्या बाईंच्या पातळीवर आणला. त्याने एकेक अक्षर स्वच्छ, खणखणीत उच्चारले. मी समाधानाने मान डोलावली आणि पुनश्च खात्री व्हावी म्हणून त्याच्याकडून ते सारे दुसऱ्यांदा वदवून घेतले. रात्रीचे साडेदहा वाजले होते. उन्हाळ्याचे दिवस असल्यामुळे खिडक्या सताड उघड्या होत्या.

सकाळी दारावर तीन थापा पडल्या.

"सगळं लिहून घेतलंय," शिरस्तेदार म्हणाले. "फक्त त्या खंबाटकीतला के मोठा की लहान, तेवढं सांगा."

मी कानात इअरफोन घालून पासवर्ड बदलला. आठवड्याच्या आत सौभाग्यवतींनी तो विरजणाच्या मोबदल्यात मास्तरीणबाईंना दिला. मी पुन्हा बदलला. तो भाच्याने दूधवाल्याच्या मुलाला परीक्षेच्या निकालासाठी म्हणून सांगितला. जगदीशचंद्र बोस ह्यांनी १८९५ साली कोलकात्याच्या टाऊन हॉलमध्ये विद्युल्लहरी भिंतीपार पाठवून पलीकडची घंटा वाजवली होती. त्यांना आमची दीड हाताची भिंत भेटली नव्हती, ह्या एकाच आशेवर मी काही दिवस काढले. परंतु ह्या लहरी दोन जातींच्या असतात. पाच गिगाहर्ट्झच्या चपळ खऱ्या, पण भिंतीपुढे हात टेकतात, २.४ च्या मंद असतात, पण कुठल्याही भिंतीतून वाट काढतात. माझ्या स्नानगृहापर्यंत त्यांतली एकही पोहोचत नाही, आणि शिरस्तेदारांच्या स्वयंपाकघरात मात्र मंद जात बिनदिक्कत जाते.

शेवटी मी तह करावयाचे ठरवले. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे जाळे काढून देता येते. त्यातून पाहुण्याला इंटरनेट मिळते, पण यजमानाच्या संगणकाकडे वाट नसते. म्हणजे दिवाणखान्यात बसा, माजघरात येऊ नका. तसे एक जाळे मी उघडले, त्याचा पासवर्ड भाच्याकडून सुवाच्य अक्षरात लिहवून घेतला आणि तो कागद स्वहस्ते शिरस्तेदारांपुढे धरला.

कागद कोणी घेईना.

"नको," काही वेळाने आवाज आला. "परवानगीनं घेतलं, की वहिवाट मोडते."

मग त्यांनी मला १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा समजावून दिला. कलम १५ प्रमाणे वीस वर्षांचा उपभोग हवा, आणि तो शांततेने, उघडपणे व हक्काने घेतलेला हवा. चोरून वापरले तर हक्क नाही. म्हणून तर ते पहिल्या दिवशी उजळ माथ्याने तक्रार करावयास आले होते. मेहरबानीने मिळाले तरी हक्क नाही. म्हणून कागद नको. राहता राहिला माझा बदललेला पासवर्ड. तो वहिवाटीतला खंड म्हणून धरावयाचा, तर वर्षभर त्यांनी तो निमूटपणे सोसलेला असला पाहिजे.

"आणि मी," शिरस्तेदार म्हणाले, "निमूट बसणारा माणूस नाही."

तेव्हापासून ते रोज सकाळी सातला निषेध नोंदवावयास येतात. तीन थापा, मग "आजचा निषेध", मग खुर्चीचा आवाज. निषेध नोंदवून झाला की सौभाग्यवती चहा ठेवतात, कारण दारी आलेल्या माणसाला कोरडे पाठवण्याची आमच्याकडे रीत नाही. चहा पिता पिता ते राउटरकडे पाहून "आज पोपटी आहे हो" असे मला सांगतात. मला त्याचा काडीचा उपयोग नाही, पण ऐकल्यावर बरे वाटते. वीस वर्षे भरावयास अजून सोळा आहेत. रोज एक कप धरला तर ५,८४० कप होतात, आणि दुधाचे भाव पाहता ते चार वर्षांचे रखडते इंटरनेटच मला स्वस्त पडत होते, असा हिशेब मी परवा मांडून पाहिला.

तो हिशेब मी सौभाग्यवतींना सांगत होतो, तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला.

"वहिनी, गेले चार दिवस चहात आलं कमी पडतंय. जरा लक्ष घाला."